एकशे वीस अंशांचा गूळ : कराड तालुक्यातील एका गुऱ्हाळाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कराड तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातले आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. मुलीचे नावही बदलले आहे. तिला इथे स्नेहल म्हणू. मी त्या वेळी तालुक्यातल्या एका बँकेच्या शाखेत शेतीकर्जे पाहत होतो. स्नेहलच्या कर्जाची फाईल मंजुरीसाठी वर पाठवताना खाली सही माझी होती. म्हणजे हे प्रकरण मी लांबून पाहिलेले नाही. त्यातल्या एका चुकीत माझा वाटा आहे आणि तो पुढे येईलच.

स्नेहल अन्नतंत्रज्ञानाची बी.टेक., विशेष प्रावीण्यासह. पुण्याजवळच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत तिने तीन वर्षे काम केले होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तशी ती घरी आली आणि परत गेलीच नाही. घरची साडेचार एकर जमीन, त्यातली दीड एकर नदीला लागून. सगळा ऊस. तो वर्षानुवर्षे कारखान्याला जायचा. आजोबांच्या काळात गावात गुऱ्हाळे होती, पण ऊस कारखान्यांकडे वळला आणि ती एकेक करून बंद पडली. एक चुलवाण, म्हणजे रस उकळायची मोठी चूल, तेवढे तिच्या रानात पडीक होते.

त्याच वर्षी केंद्र सरकारची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आली. बँकेच्या कर्जाला जोडून प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. स्नेहलने रसायनविरहित गूळ, गूळ पावडर आणि काकवीचा १४ लाखांचा प्रकल्प आणला. इतका व्यवस्थित प्रकल्प अहवाल मी तोवर पाहिला नव्हता. रसाचा सामू (पीएच), चुन्याची निवळी किती घालायची, कितव्या अंशाला काकवी उतरायची, कितव्या अंशाला गूळ, पावडरीत ओलावा किती राहू द्यायचा, सगळे आकड्यांत. काकवी १०५ ते १०६ अंशांना, ढेपेचा गूळ ११८च्या आसपास, पावडर १२० किंवा थोडी वर. हे आकडे बरोबरच आहेत. कोणताही जाणकार तेच सांगेल.

वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, सुरुवातीला विरोध होता. नोकरी सोडून पोरगी चुलवाणापाशी बसणार हे त्यांना पटत नव्हते. पण कर्ज मंजूर झाले म्हटल्यावर तेही शेड उभारायला झटले. ऑक्टोबर २०२१ मध्ये नवी स्टीलची काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, चुलवाणावर चढली.

अडचण

पहिल्या पंधरा काहिलींपैकी सात बिघडल्या.

एका काहिलीला साधारण टनभर ऊस लागतो आणि त्यातून शंभर किलोच्या आसपास गूळ निघतो. सात काहिली म्हणजे सात टन ऊस, तोडणी, वाहतूक, जळण आणि सात-आठ माणसांची मजुरी. त्या सात काहिलींचा गूळ निवण्यासाठी पसरट वाफ्यात ओतल्यावर धरेचना. घोटत राहिले की मऊ पडायचा, बोटाला तार सुटायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ढेप फडक्यातून काढताना खाली बसायची. उरलेल्या आठ काहिलींची पावडर झाली खरी, पण जानेवारीत पुण्याच्या एका दुकानदाराने ४०० किलो माल परत पाठवला. पाकिटात पावडरीचे दगड झाले होते.

मी शेडवर गेलो तेव्हा ती तापमापी हातात घेऊन उभी होती. "सर, एकशे वीसला उतरवलंय. एक अंश इकडे-तिकडे नाही," असे म्हणाली. वही दाखवली. प्रत्येक काहिलीची वेळ, तापमान, सामू, रसाचा ब्रिक्स (रसाची गोडी पाहायला मोजतात तो आकडा) लिहिलेला. ब्रिक्स १९. या आकड्याला कोणी नाव ठेवले नसते.

दोष कुठे होता ते दोन दिवसांनी कळले. सांगणारा माणूस चौथी शिकलेला होता. शेजारच्या गावात एक जुने गुऱ्हाळ अजून चालते. तिथले गुळवे, म्हणजे काहील कधी उतरवायची ते ठरवणारे कारागीर, वय साठीच्या पुढचे, नात्याने स्नेहलच्या आईचे लांबचे मामा लागतात. गावात सगळेच त्यांना मामा म्हणतात. आईच्या आग्रहाखातर ते पाहायला आले. त्यांनी काहिलीकडे बघितलेही नाही. शेडबाहेर उसाची मोळी पडली होती, त्यातला एक ऊस उचलला, शेंड्याकडचे एक कांडे आणि बुडख्याकडचे एक कांडे दातांनी सोलून चावले आणि चोथा थुंकला. मग उसावरून अंगठा फिरवत एका डोळ्यापाशी थांबले. तिथून बोटभर पांगशी, म्हणजे कोंब, फुटलेली होती.

"ताई, ह्यो पाण्यात हुता न्हवं? ह्येचा गूळ धरायचा न्हाय."

ऊस नदीकाठच्या दीड एकरातला होता. जुलै २०२१ मध्ये कृष्णा-कोयनेला पूर आला तेव्हा त्यात चार-पाच दिवस पाणी उभे होते. ऊस पडला, डोळे फुटले, पांगशा आल्या. असा ऊस आपल्यातली साखर मोडून फुटव्याला पुरवतो. उसाची साखर म्हणजे सुक्रोज. ती मोडली की ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. जीभेला गोड लागतात, पण त्यांचे कण सहजी बांधत नाहीत आणि ती हवेतला ओलावा ओढतात. म्हणून ढेप बसते, म्हणून पावडरीचे गोळे होतात. आणि ब्रिक्समापी रसात विरघळलेले सगळे मोजते. सुक्रोज किती आणि मोडलेली साखर किती, हे ती सांगत नाही. १९ हा आकडा खरा होता, पण विचारायचा प्रश्न वेगळा होता.

स्नेहल हे ऐकून बराच वेळ गप्प बसली. मग मला म्हणाली, "सर, हे मी शिकलेय. तिसऱ्या वर्षाला यावर दहा मार्कांचा प्रश्न होता. पूर्ण उत्तर लिहिलं होतं मी."

मला या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाचे हे वाक्य वाटते. ज्ञान तिच्याकडे होते. ते आपल्याच रानातल्या, आपणच पाण्यात उभा राहिलेला पाहिलेल्या उसाशी जोडायचे आहे, हे तिला कोणी करून दाखवले नव्हते. मामांना सुक्रोज हा शब्द ठाऊक नव्हता, पण अंगठ्याला पांगशी लागताच पुढचे सगळे त्यांना कळले.

दुसरी अडचण

याच काळात आणखी एक पेच होता. इथे पारडे उलट बाजूला झुकते, म्हणून तो सविस्तर सांगतो.

बाजार समितीच्या सौद्यात पिवळ्या, उजळ गुळाला भाव मिळतो. स्नेहलचा चांगला उतरलेला गूळही तांबूस-तपकिरी. पहिल्याच सौद्यात तिच्या ढेपांना सर्वांत खालचा दर लागला. मामांकडे यावर उपाय होता आणि तो ते आयुष्यभर करत आले होते: काहील उतरायच्या आधी चमचाभर हायड्रोस. मळी, म्हणजे रसावर येणारी घाण, चांगली सुटते, रंग खुलतो.

हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. त्याने गुळात गंधकाचा अंश उतरतो, आणि त्याने आलेला रंग साठवणुकीत टिकत नाही. स्नेहलने साफ नकार दिला. मामा दुखावले. "आमी काय लोकास्नी ईख घातलं व्हय एवढी वर्षं?" असे म्हणून उठून गेले.

इथे शिक्षण बरोबर होते आणि अनुभव चुकत होता. हे मी ठामपणे लिहितो, कारण अशा हकीकती सांगताना 'पुस्तकी शिक्षण फुकट, खरे शहाणपण म्हाताऱ्यांकडे' असा सूर लावणे फार सोपे असते. तो सूर खोटा आहे. मामांच्या पिढीला ही पावडर कोणीतरी विकली, ती काय करते ते कोणी सांगितले नाही, आणि विचारायचे कसे हे शाळेने शिकवायच्या आतच त्यांची शाळा सुटली होती.

समोरचे पर्याय

जानेवारी २०२२च्या अखेरीस आम्ही चौघे तिच्या घरी बसलो: स्नेहल, आप्पा, आई आणि मी. कर्जफेडीचा पहिला हप्ता दोन महिन्यांवर आला होता.

आप्पांचे म्हणणे होते, शेड कोणाला तरी भाड्याने द्यावे आणि तिने पुन्हा पुण्याला नोकरी धरावी. पगारातून हप्ते फिटतील. हिशेबाने हे अगदी बरोबर होते. जुन्या कंपनीतून बोलावणेही होते.

मी सुचवले, वाढीव कर्ज घेऊन वाळवणीचे यंत्र बसवावे. पावडरीतला ओलावा हाच दुकानदाराचा आक्षेप होता, तेव्हा ओलावा यंत्राने काढावा. आज हे लिहिताना मला वाईट वाटते. बिघाड उसात होता आणि मी औषध पाकिटाला सुचवत होतो. यंत्राचे कोटेशन मिळते, त्यावर कर्ज देता येते, वसुलीचा तक्ता करता येतो. माणसाच्या हाताचे कोटेशन मिळत नाही, म्हणून आमच्या विचारात ते येतच नाही.

आईने सांगितले, मामांना काहिलीमागे मजुरी देऊन बोलवा आणि सगळे त्यांच्यावर सोपवा. बहुतेक गुऱ्हाळमालक हेच करतात. स्नेहलला ते नको होते. मग गुळात हायड्रोस येणार आणि दोघांपैकी कोणीच काही शिकणार नाही, असे तिचे म्हणणे.

चौथा पर्याय तिनेच मांडला. स्वतःचे गुऱ्हाळ उरलेल्या हंगामापुरते बंद ठेवायचे आणि मामा जिथे काम करतात त्या गुऱ्हाळावर मजूर म्हणून राहायचे. खोलीत कोणी बोलेना. शेवटी आप्पा म्हणाले, "एवढी शिकवली ती काय दुसऱ्याच्या दारात मळी काढायला?"

तिने उत्तर दिले नाही. मला विचारले, "सर, सहा महिने हप्ता पुढे ढकलता येईल का?"

काय केले

हप्ते पुढे ढकलणे माझ्या हातात नव्हते, पण शिफारस करणे होते. मी पुराचे कारण लिहिले, आणि ते खरेही होते. व्याज भरायचे, मुद्दल ऑक्टोबरपासून, असे मंजूर झाले.

फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत स्नेहल शेजारच्या गावच्या गुऱ्हाळावर गेली. पहाटे तीनला चुलवाण पेटायचे. गुऱ्हाळावर बायका उसाची मोळी वाहतात, चिपाड वाळत घालतात; काहिलीपाशी मात्र बाई उभी राहत नाही. मालकाने आधी नाहीच म्हटले. मामांनी शब्द टाकला. सुरुवातीचे पंधरा दिवस आई सोबत जाऊन शेडच्या कोपऱ्यात बसून राहायची. लोक बोलले. त्यावर जास्त लिहीत नाही. जे बोलले तेच पुढे तिच्याकडे ऊस घेऊन आले.

पहिला महिना मामांनी तिला झाऱ्याने मळी काढायलाच लावली. रानभेंडी ठेचून तिचा चिकट रस उकळत्या रसात सोडला की मळी गोळा होऊन वर येते. ती वेळेवर काढली नाही तर पुन्हा रसात विरते आणि गूळ काळवंडतो. स्नेहलला हे कारणासकट माहीत होते. पण हात कुठल्या बाजूने फिरवायचा, जाळ कोणत्या अंगाला जास्त आहे, मळी किती जाड झाली की उचलायची, हे तिच्या मनगटाला ठाऊक नव्हते.

मग गोळी. एक दिवस मी मुद्दाम पहाटे गेलो होतो. रस उकळताना आधी नुसती खळखळ असते. पाक होत आला की फुगे मोठे आणि जड होतात आणि फुटताना 'फट्... फट्' असा सुटा सुटा आवाज येतो. स्नेहलने सवयीने खिशातून तापमापी काढली.

"काटा ठेव खिशात. आधी ऐक," मामा म्हणाले. तोवर तिला ते 'ताई' म्हणत. त्या पहाटे पहिल्यांदा 'पोरी' म्हणाले: "ऐक पोरी, आता काय म्हंतुया?"

तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाली, "अजून आहे."

मामांनी झाऱ्याच्या टोकावरचा पाक थंड पाण्याच्या वाडग्यात सोडला, चिमटीत गोळी केली. मऊ होती. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा. या वेळी गोळी वाडग्याच्या कडेवर टाकली तर टण् असा आवाज आला. "हाण!" म्हटले की काहील उतरवायला माणसे धावली. तेव्हा स्नेहलने तापमापी लावली. ११७. आदल्या दिवशी दुसऱ्या रानाच्या उसाला तोच आवाज ११९वर आला होता. तिने दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि समोर उसाचे रान, जात, तोडणीची वेळ.

ही वही म्हणजे या प्रकरणातली दुसरी महत्त्वाची गोष्ट. मामा जे चावून, ऐकून, चिमटून ठरवत, ते ती लिहून ठेवू लागली आणि शेजारी आपली मोजमापे. महिन्याभरात तिला एक सोपी गोष्ट सापडली. उसाच्या शेंड्याकडचा आणि बुडख्याकडचा ब्रिक्स वेगवेगळा मोजायचा. दोन्ही जवळजवळ सारखे आले तर ऊस पक्व. शेंडा फारच कमी आला तर मामाही चावून नाहीच म्हणायचे. पक्वता पाहण्याची ही पद्धत पुस्तकात आहे, तिने ती वाचलेलीही होती. मामांचे दोन्ही टोके चावणे म्हणजे तेच, हे मात्र तिला गुऱ्हाळावर उमगले.

हायड्रोसचे भांडण तिने वाद घालून सोडवले नाही. मार्चमध्ये एकाच उसाच्या दोन ढेपा काढून घेतल्या, एक मामांच्या पद्धतीची आणि एक बिनहायड्रोसची, आणि दोन्ही मामांच्याच घरी माळ्यावर ठेवल्या. गणपतीत त्या खाली काढल्या. हायड्रोसची पिवळीधमक ढेप काळपट पडून तिला दर्प सुटला होता. दुसरी होती त्या रंगाची राहिली होती. मामांनी दोन्हींचा खडा तोंडात टाकला. काही बोलले नाहीत. ऑक्टोबरात स्नेहलच्या शेडवर काम धरताना त्यांनी आपली पावडरीची पुडी आणली नाही.

परिणाम

२०२२-२३च्या हंगामात तिने ४२ काहिली काढल्या, त्यांतल्या चार बिघडल्या. नदीकाठचा दीड एकर ऊस सरळ कारखान्याला घातला आणि गुळासाठी वरच्या रानातला आणि दोन शेजाऱ्यांचा ८६०३२ जातीचा ऊस घेतला. तोड झाली की त्याच दिवशी गाळप, कारण तुटलेला ऊस पडून राहिला तरी त्यातली साखर मोडतेच. सौद्यात माल नेणे बंद केले. तपकिरी गूळच हवा असणारे गिऱ्हाईक सातारा, पुणे आणि मुंबईत आहे. त्यांच्यापर्यंत पोचायला लागणारा परवाना, प्रयोगशाळेचा अहवाल, पाकिटावरची माहिती हे सगळे तिने एकटीने केले. मामांना ते आयुष्यात जमले नसते, आणि त्यांचा गूळ शेवटपर्यंत दलालाच्या दारातच राहिला असता.

कर्ज ऑक्टोबर २०२२ पासून नियमित आहे. मोठा नफा म्हणावा असा अजून नाही. पुण्याच्या पगाराएवढे उत्पन्न तिला तिसऱ्या वर्षी मिळाले.

वेगळे काय करता आले असते

पहिली चूक माझी, म्हणून तिथून सुरू करतो. प्रकल्प अहवालात यंत्रे होती, घसारा होता, ना-नफा-ना-तोटा बिंदू होता. 'गुळव्या कोण?' हा प्रश्न मी विचारला नाही. कच्च्या मालापुढे 'स्वतःचा ऊस' असे लिहिले होते. पूर जुलैत आला, कर्जाच्या रकमेचा पहिला टप्पा मी त्यानंतर वाटला, आणि तो ऊस जाऊन पाहिला नाही. माझ्याकडे शेतीची पदवी आहे. अर्ज करणारी शिकलेली आहे म्हणून मी निर्धास्त झालो. तिच्या जागी मामा अर्ज घेऊन आले असते तर मी दहा प्रश्न विचारले असते आणि बहुधा कर्ज नाकारले असते.

स्नेहलच्या पदवीत प्रत्यक्ष प्रशिक्षण होते. सहा आठवडे एका मोठ्या कारखान्यात, शेवटी प्रमाणपत्र. तिथे तिने सयंत्र पाहिले, हात कशाला लावला नाही. तिच्या घरापासून अर्ध्या तासावर चालू गुऱ्हाळ होते. तिथे सहा आठवडे काढले तर ते प्रशिक्षण धरले जाईल, असे ना महाविद्यालयाला सुचले ना तिला.

आणि हे साताऱ्यात व्हावे याचे मला जास्त लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली ती याच कराड तालुक्यातल्या काले गावी. ते स्वतः मॅट्रिक झाले नव्हते; किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरले होते. 'कमवा आणि शिका' हे आपण गरीब मुलांच्या फीची सोय म्हणून लक्षात ठेवले. मला वाटते त्यात आणखी एक गोष्ट होती: ज्या मुलाने सकाळी बांधावर कुदळ मारली त्याला दुपारी वर्गातले गणित कशाचे आहे ते दिसत असे. ती सोय आपण फक्त गरिबांसाठी ठेवली आणि बाकीच्यांना तिच्यातून सूट दिली. स्नेहलला ती सूट मिळाली होती. आप्पांनी पोटाला चिमटा काढून ती मिळवून दिली होती. "एवढी शिकवली ती मळी काढायला?" या प्रश्नामागे तीस वर्षांचे कष्ट होते, म्हणून त्यांना दोष देववत नाही.

मामांच्या बाजूनेही एक निर्णय राहून गेला. स्नेहलने त्यांना भागीदार करायचे ठरवले होते. कागदपत्रे तयार झाली, पण ते सही करायला आले नाहीत. "मजुरी हाय ती बरी हाय." मी त्यांच्याशी बसून बोलायला हवे होते. त्यांचा मुलगा मालवाहू गाडी चालवतो, त्याला चुलवाणाकडे फिरकायचे नाही. कौशल्याला दाम मिळतो हे त्याने घरात कधी पाहिलेच नाही.

सध्याची स्थिती

वही आता तिसरी सुरू आहे. तिच्यात तापमान, सामू, दोन्ही टोकांचा ब्रिक्स, रान, जात, तोडणीची वेळ असे रकाने आहेत. 'आवाज' असा एक रकाना तिने पहिल्या वहीत आखला होता. तो रिकामा राहिला. मोबाइलवर आवाज टिपून पाहिला, पण ऐकताना चुलवाणाची घरघरच जास्त येते.

मागच्या हंगामात मामा गुडघ्याच्या दुखण्याने पंधरा दिवस आले नाहीत. त्या पंधरा दिवसांत स्नेहलने एकटीने काहिली उतरवल्या. तीन बिघडल्या. तिन्हींची नोंद वहीत आहे. कारणाच्या रकान्यात दोन काहिलींपुढे 'ऊस' लिहिले आहे आणि तिसरीपुढे 'मी'.